काळ्या फडक्यातली बंदूक

१

प्रेंदामावशीच्या घरातली बंदूक गेली तेव्हा मी गोठ्यात शेण काढत होतो. किंकाळी ऐकली आणि फावडं तिथंच टाकून पळालो. तुम्ही म्हणाल, पाश्क, तुझा काय संबंध? काही नाही. मी कुणाच्या भानगडीत पडत नाही, आणि हे मी स्वतः घरोघर जाऊन सगळ्या गावाला सांगितलेलं आहे. पण शेजारी किंकाळी फुटल्यावर माणसानं जायला नको का?

पोचलो तर माझ्यासारखेच भानगडीत न पडणारे पाचसहाजण आधीच आत उभे होते. प्रेंदामावशी चुलीपाशी जमिनीवर बसली होती, हात छातीवर. चुलीवरची भिंत रिकामी होती. नऊ वर्षं त्या भिंतीवर तिच्या नवऱ्याची बंदूक होती, नळीपासून दस्त्यापर्यंत काळ्या फडक्यात गुंडाळलेली. नवऱ्याला माती देऊन आल्यावर ते फडकं तिनं स्वतः गुंडाळलं होतं आणि शपथ घातली होती, की ज्या दिवशी रक्ताच्या बदल्यात रक्त घ्यायचं, त्याच दिवशी हे सोडायचं. तोवर कुणी बोट लावायचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं आणि आमच्याच गावातल्या मिहिलच्या थोरल्या भावानं प्रेंदामावशीच्या नवऱ्याला गोळी घातली. तो भाऊ महिन्याभरातच तुरुंगात मेला, आणि रीतीप्रमाणे रक्त मिहिलच्या डोक्यावर आलं. मिहिल त्या दिवसापासून घरात बसला तो बसलाच. घरात आहे तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, की ज्येलोशनं, म्हणजे प्रेंदामावशीच्या एकुलत्या एका मुलानं, त्याला मारायचं. दिसला आणि मारला नाही, तर ज्येलोशला माणसांत जागा नाही. तोवरसुद्धा त्याला कुठं होती म्हणा. रोज सकाळी चारचौघांदेखत त्याची आई त्याला कॉफी द्यायची ती स्वतःच्या गुडघ्याखालून हात काढून. बापाचं रक्त न घेणाऱ्याला आमच्याकडे कॉफी अशीच मिळते.

त्यात ल्यूशकाका आलेले. ल्यूशकाका म्हणजे मेलेल्याचा सख्खा भाऊ. घाटाखाली श्कोदर शहरात त्यांचं फरश्यांचं दुकान आहे. दर हिवाळ्यात एकदा यायचे, "अजून किती दिवस?" म्हणून ज्येलोशवर गरजायचे, भरपेट जेवायचे आणि त्याच गाडीनं परत जायचे. ह्या वेळी ते उतरले आणि मागं घाट बर्फानं बंद झाला. आदल्या संध्याकाळी रकीचे दोन पेले पोटात गेल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "उद्या सकाळी मी माझ्या हातानं हे फडकं सोडतो, बंदूक साफ करतो आणि अंगणात एक बार काढतो. मिहिलला आवाज ऐकू दे."

आणि सकाळी बंदूक नाही.

"मिहिलच्या घरचं काम," ल्यूशकाका म्हणाले. "दुसऱ्या कुणाला गरज होती? चुलीवरचं हत्यार पळवणाऱ्याला घराचा आडोसा राहत नाही. रविवारी चर्च सुटलं की आपण त्याच्या दारात जाऊ. माझं पिस्तूल आहे. ते मी ज्येलोशच्या हातात देईन."

"बरोबर आहे," जमलेले म्हणाले. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. मीही म्हणालो, बरोबर आहे.

ज्येलोश कोपऱ्यात उभा होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तेवढ्यात दारातून माझ्या बायकोचा आवाज आला, "कुणी मेलंय का?"

"अजून नाही," ल्यूशकाका म्हणाले.

"मग वाटेतून बाजूला व्हा."

२

माझी बायको द्राने गावची नर्स. गावचा दवाखाना म्हणजे आमच्या घरातलं एक कपाट आणि तिची पिशवी. चारचौघांत ती मला अहो-जाहो करते, नवऱ्याचं नाव घेत नाही, माझ्या एक पाऊल मागून चालते. कुठं चालायचं ते मात्र तीच ठरवते.

तिनं प्रेंदामावशीला पलंगावर बसवलं, पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि पिशवी भिंतीवरच्या त्या रिकाम्या खिळ्याला अडकवली. पिशवी खिळ्यासकट खाली आली. ल्यूशकाका तेव्हा मिहिलच्या सात पिढ्यांवर बोलत होते, त्यामुळं कुणाचं लक्ष गेलं नाही. द्रानेनं खिळा उचलला, बघितला, आणि खिशात टाकला.

यंत्रातला पारा चढत गेला तशी तिच्या कपाळावर आठी आली. "मावशी, एवढा कधीच नव्हता तुझा. काय झालं नक्की?"

"पहाटे उठले. चूल पेटवायला आले. वर बघितलं तर..." मावशीनं भिंतीकडे बोट केलं.

"रात्री कुणी आलं?"

"मी इथंच झोपते, पोरी. पण म्हातारपणाची झोप. एकदा लागली की लागली."

"बंदूक जड होती का गं?"

मावशीनं तिच्याकडे रोखून बघितलं. "बंदूक असते तेवढी होती."

"घरात शोधायचं का एकदा? कुठं सरकवली असेल कुणी."

"घर शोधायचं नाही," मावशी पटकन म्हणाली. "आमच्या घरातली वस्तू आमच्याच घरात कशाला असेल? रक्त हवंय मला, रक्त. माझा माणूस नऊ वर्षं मातीत वाट बघतोय."

हे शेवटचं तिनं दाराकडे तोंड करून, मोठ्यानं सांगितलं. दाराबाहेरून "बरोबर आहे" असं ऐकू आलं.

अंगणात आल्यावर द्रानेनं मला खिळा दाखवला. बोटाच्या पेराएवढा, फोटो टांगायचा असतो तसला.

"अहो, तुम्ही सैन्यात होतात ना?"

"होतो. तुलाही शाळेत कवायतीला बंदूक धरायला लावली होतीच की."

"म्हणूनच विचारते. त्या बंदुकीनं माझा खांदा आठवडाभर दुखला होता. माझ्या पिशवीत चार बाटल्या, यंत्रसुद्धा बाहेर काढलेलं. तेवढं ह्या खिळ्याला पेललं नाही." तिनं खिळा मुठीत मिटला. "मग नऊ वर्षं त्या भिंतीवर टांगलेलं काय होतं?"

३

"आपण ह्यात पडायचं नाही," मी म्हणालो.

"अजिबात नाही," ती म्हणाली, आणि जिना चढून ल्यूशकाकांच्या खोलीकडे निघाली. मागोमाग मी.

ल्यूशकाका खिडकीशी उभे होते. तिथून घाट दिसतो, म्हणजे बर्फ नसलं तर दिसतो. "पाश्क, तू इतकी वर्षं ह्या रस्त्यावर गाडी चालवलीस. कधी मोकळा होईल रे?"

"बर्फ काढायचा नांगर आला तर आठवड्यात. नाही आला तर महिना."

"महिना," असं म्हणून ते खुर्चीत बसले. द्रानेनं त्यांच्या दंडाला पट्टा बांधला.

"काका, रीत मला बाईमाणसाला काय कळणार. पण रक्त घ्यायचं काम मुलाइतकंच भावाचंही असतं ना?"

पारा थोडा वर सरकला. "असतं. पण आधी मुलाचं. मी काय, मी घेतलंच असतं. पण दुकान आहे. पोरींची लग्नं व्हायची होती."

"झाली ना?"

"झाली." त्यांनी घसा साफ केला. "पाठीचंही दुखणं आहे मला."

"खरंय. आणि काडतुसं आणलीत म्हणे तुम्ही? भावाच्या बंदुकीसाठी? दाखवा की. बाईमाणसानं कधी बघावीत?"

त्यांनी मोठ्या थाटात डबा उघडला. आत लाल रंगाची, अंगठ्याएवढी जाड काडतुसं ओळीनं मांडलेली. मी तोंड उघडलं. द्रानेनं माझ्या बुटावर बूट ठेवला, आणि मी तोंड मिटलं.

"भारी आहेत," ती म्हणाली. "काल रात्री ज्येलोश कुठं होता हो?"

"जेवला, आणि गोठ्यात गेला. गाईला बरं नाही म्हणाला. बराच वेळ लागला त्याला. मी झोपून गेलो." काकांचा आवाज खाली आला. "द्राने, मी जरा जास्तच बोललो का गं काल? रकी कडक होती."

"बोललात ते सगळ्यांनी ऐकलंय, काका."

"हं. ते आहेच." ते पुन्हा खिडकीकडे गेले.

खाली उतरताना मी तिला म्हणालो, "ती काडतुसं रानडुकराच्या बंदुकीची आहेत. छऱ्यांची. भावाच्या बंदुकीत ती शिरणारसुद्धा नाहीत."

"दिसलं मला."

"आणि ज्येलोशची गाय धडधाकट आहे. काल मीच बघून आलोय."

"तुम्ही कशाला गेला होतात त्यांच्या गोठ्यात?"

"सहज," मी म्हणालो.

४

गोठ्याच्या मागं बर्फ माझ्या कमरेइतकं होतं. मी दोन पावलं टाकली आणि अडकलो. द्राने मात्र माझ्या शेजारून सरळ चालत गेली, घोट्यापर्यंतसुद्धा नीट बुडाली नाही.

"हे कसं काय?" मी विचारलं.

"माझ्या पावलावर पाऊल टाका. वरचं बर्फ रात्रीचं आहे. खाली वाट आहे. हिवाळाभर कुणीतरी रोज तुडवून घट्ट केलेली."

ती वाट बोरांच्या कुंपणामागून, गावातल्या एकाही खिडकीतून दिसणार नाही अशी वळसे घेत गेली आणि संपली ती मिहिलच्या घराच्या मागच्या दाराशी. मला धडकीच भरली. ही वाट ल्यूशकाकांना सापडली असती, तर रविवारची वाटसुद्धा बघावी लागली नसती.

दार मिहिलच्या बायकोनं, दिलानं उघडलं. मिहिल चुलीपाशी बसला होता. नऊ वर्षं ऊन न लागल्यानं त्याचा चेहरा तळघरातल्या बटाट्यासारखा झाला होता. पण जीभ तशीच होती.

"या, या. चोराच्या घरी स्वागत आहे. पाश्क, तू तर कुणाच्या भानगडीत पडत नाहीस ना?"

"हिला सोबत म्हणून आलोय."

द्राने त्याची नाडी बघायला बसली. समोरच्या तिवईवर डॉमिनोचा डाव अर्धा मांडलेला होता. सोंगट्या दोन बाजूंना. बशीत सिगारेटची राख.

"कुणाशी खेळतोस रे?"

"स्वतःशी. उजवा हात विरुद्ध डावा."

"आणि तुझ्या फुप्फुसांसाठी मी सिगारेट बंद केली होती. ही डाव्या हातानं ओढली की उजव्या?"

दिला ओट्याकडे वळून हसली. मिहिल हसला नाही. "रविवारी येणार आहेत म्हणे," तो म्हणाला.

"येणार आहेत."

"येऊ देत. पण द्राने, तुझं ऐकतात लोक. पिस्तूल ल्यूशच्या हातात राहू दे म्हणावं. ज्येलोशला देऊ नका."

"का? त्याचा नेम चांगला आहे का?"

"नेम कसला. साधी कोंबडी कापवत नाही त्याला." तो सोंगट्या एकेक करून डब्यात भरू लागला. "मी मरेन, ते ठीक आहे. नऊ वर्षांत मी त्याची तयारी केलीय. पण मला मारून तो जगायचा नाही. ते नको."

दिलानं कॉफी आणली. मग, बहुतेक विषय बदलावा म्हणून, द्राने म्हणाली, "पडदा छान बसलाय गं खिडकीला."

"बसला एकदाचा," दिला म्हणाली. "नऊ वर्षं डोकं खातेय ह्यांचं, पडद्याला एक गज बघा म्हणून. दोरी लोंबते, मधेच फट राहते, बाहेरून सगळं दिसतं. काल रात्री मिळाला."

मिहिलनं तिच्याकडे असं बघितलं, की ती बोलता बोलता गप्प झाली.

द्राने उठून खिडकीशी गेली. पडद्याचा गज म्हणजे पातळ पत्र्याचा, हलका पाण्याचा पाइप होता. तिनं त्याच्या टोकावरून बोट फिरवलं. तिथं कानशीनं घासून बसवलेला लोखंडाचा एक बारीक कंगोरा होता, बंदुकीच्या नळीवर नेम धरायला असतो तसा. पडद्याच्या गजाला नेम कशाला धरावा लागतो?

तिनं मागं वळून मिहिलकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली.

५

रविवारी चर्च सुटलं आणि गावातले सगळे पुरुष प्रेंदामावशीच्या अंगणात जमले. कुणाला यायचं नव्हतं, पण न येणारा दिसला असता. ल्यूशकाकांच्या कमरेला पिस्तूल होतं. ज्येलोशचे ओठ निळे पडले होते.

द्राने पिशवी घेऊन माझ्या एक पाऊल मागून आली आणि म्हणाली, "मावशीचा रक्तदाब बघायचाय, मग काय ते करा. काका, ज्येलोश, तुम्हीही आत या. तिला काही झालं तर घरचं माणूस हवं." आम्ही आत गेलो. तिनं दाराला आतून कडी घातली.

मग तिनं खिशातला खिळा काढून तिवईवर ठेवला.

"ह्याला माझी पिशवी पेलली नाही. म्हणजे बंदूक पेललेली नाही. फडक्यात बंदूक नव्हतीच. बंदुकीच्या आकाराचं काहीतरी हलकं होतं. फडकं कुणी गुंडाळलं? कुणी सोडू नये म्हणून शपथ कुणी घातली?"

प्रेंदामावशीनं डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात धरलं.

"वहिनी," ल्यूशकाका ओरडले, "म्हणजे तूच? आणि परवा मी सोडणार म्हटल्यावर तूच लपवलंस?"

"मलाही आधी तेच वाटलं," द्राने म्हणाली. "पण त्या सकाळी तिचा पारा मी बघितला. तोंडानं रडण्याचं सोंग करता येतं, रक्तानं नाही करता येत. ती खरंच घाबरली होती. पहाटे उठली ते वस्तू लपवायलाच उठली, आणि बघते तर तिच्याआधी कुणीतरी नेलेली. बरोबर ना, मावशी?"

मावशीनं मान हलवली.

"मग नेणारा कोण? आत बंदूक नाही हे ज्याला माहीत होतं, तो. काकांनी फडकं सोडलं असतं तर मावशीची अब्रू गेली असती, आणि ते ज्याला नको होतं, तो. आणि गाय आजारी नसताना जो गोठ्यात बसला, तो."

"मी नेलं," ज्येलोश म्हणाला.

प्रेंदामावशी हळूच त्याच्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच हिवाळ्यात कळलं. तू चर्चला गेली होतीस. बंदुकीचा चाप मोडून टाकावा म्हणून मी फडकं सोडलं. बघतो तर मोडायला काही नव्हतंच. पाण्याचा पोकळ पाइप आणि कुदळीच्या दांड्याचा तुकडा."

"आणि परत गुंडाळलंस?"

"तुझ्यासारखी गाठ येईना. तीनदा सोडून बांधली."

"खरी दरीत टाकली मी," मावशी म्हणाली. ती आता कुणाकडेच बघत नव्हती. "माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी. नवरा गेला होता माझा. पोरगाही द्यायचा? तू त्याला मारणार, मग त्यांचा कुणी तुला मारणार. पण नुसती टाकली असती, तर गावानं मला जगू दिलं नसतं. म्हणून पाइप टांगला. आणि आपण रक्त रक्त म्हणत राहायचं, म्हणजे कुणी विचारणार नाही." तिचा आवाज फुटला. "नऊ वर्षं तुला गुडघ्याखालून कॉफी दिली रे मी."

"कॉफी चांगली असायची, आई."

मला समोरचं नीट दिसेनासं झालं. चुलीचा धूर असेल म्हणून मी जरा बाजूला सरकलो. चूल विझलेली होती.

"दांडा गेला चुलीत," द्राने म्हणाली. "पाइप कुठं गेला ते मी सांगणार नाही. एका घरी तो उपयोगाला आलाय."

"मिहिलकडे ना?" मावशी नाक पुसत म्हणाली. ज्येलोशनं दचकून तिच्याकडे बघितलं. "दचकतोस कशाला? रोज संध्याकाळी गोठ्यात जातोस आणि सिगारेटचा वास घेऊन येतोस. दिला कॉफीत साखर कमी घालते, तू घरी येऊन दोन चमचे नुसती खातोस. मला कळत नाही?"

ल्यूशकाका इतका वेळ फुगत चालले होते. "लाज आणलीत घराण्याला. माझ्या भावाचं रक्त, आणि हा त्याच्या वैऱ्याच्या घरी कॉफी पितो? मी आत्ता बाहेर जाऊन सगळ्या गावाला सांगतो."

"सांगा," द्राने म्हणाली. "मग गाव विचारेल, पुतण्याकडे बंदूक नाही, तर पिस्तूल कुणाच्या कमरेला आहे? आणि मी तुमचा काडतुसांचा डबा उघडून दाखवेन. रानडुकराची काडतुसं, काका. सख्ख्या भावाच्या बंदुकीला काय लागतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

काका खाली बसले. त्यांच्या मिशाही खाली आल्यासारख्या वाटल्या. "ठाऊक होतं," ते म्हणाले. "बार काढायला जाणार होतो, मग म्हणालो असतो, अरेच्चा, चुकीची आली, पुढच्या वर्षी आणतो. मी दरवर्षी बोलतो आणि निघून जातो. ह्या वेळी गाडीच गेली नाही. काय करू? बोललेलं गिळता येत नाही."

म्हणजे खोलीत त्या घरचे तिघं होते आणि तिघांनाही रक्त नको होतं. नऊ वर्षांत एकानंही ते दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. मला हसू आलं आणि त्याच वेळी भयंकर रागही आला.

"मग आता सोपं आहे," द्राने म्हणाली. "मावशी, रक्त माफ करायचा अधिकार तुझा आहे. घरातली मोठी तू. दार उघडायचं आणि म्हणायचं, मी माफ केलं. तीन शब्द आहेत."

प्रेंदामावशी उठली. तिनं डोळे पुसले, डोक्याचा रुमाल नीट केला, मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "म्हणते," ती म्हणाली. "आज म्हणतेच. सुटू दे सगळे."

तिनं स्वतः कडी काढली.

६

बाहेर सगळे पुरुष टोप्या घालून उभे होते. एकाच्याही डोळ्याचं पातं लवलं नाही. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

प्रेंदामावशीनं तोंड उघडलं. तिचे ओठ माफीसाठी जुळलेले मी बघितले, अगदी शेजारी उभा राहून. आणि बाहेर आलं ते भलतंच.

"रक्त हवंय मला," ती ओरडली. "माझा माणूस मातीत वाट बघतोय."

"बरोबर आहे," अंगण म्हणालं. त्यात माझाही आवाज होता. तो माझ्या तोंडून कसा निघाला, मला कळलं नाही.

मावशी चौकट धरून उभी राहिली. ज्येलोशनं डोळे मिटून घेतले. कुणीतरी विचारलं, "मग निघायचं का मिहिलकडे?" आणि तेव्हा द्राने माझ्यामागून हळूच म्हणाली, "काका, काडतुसं."

ल्यूशकाका घाईनं पुढं आले. "मिहिलकडे कशाला? बंदूक चोरीला गेलेली नाही. मीच उतरवून ठेवली होती, सुरक्षित जागी. कोण किती जागा आहे ते बघत होतो. चोरी नाही, तेव्हा आडोसा मोडायचंही कारण नाही. रक्त त्याच्या वेळेवर घेतलं जाईल."

सगळ्या अंगणानं एकदम श्वास सोडला. मग सगळे म्हणाले, अरेरे, आजच झालं असतं तर बरं झालं असतं. आणि आम्ही इतक्या भराभर घरी पांगलो, की फाटकात गर्दी झाली.

द्राने घरी गेली नाही. भर दुपारी, समोरच्या रस्त्यानं, ती मिहिलच्या पुढच्या दाराशी गेली. मागून मी. दिलानं दार उघडलं. नऊ वर्षांत त्या दारातून मिहिल कधी दिसला नव्हता. आज तो उंबऱ्याच्या आत, एका वितीवर उभा होता. मागच्या वाटेनं कुणीतरी बातमी आधीच पोचवली असावी.

"ऐकलंस ना सगळं?" द्राने म्हणाली. ती रडत होती आणि चिडलेलीही होती. "म्हातारीला बोलता आलं नाही. पण बंदूक नाहीये, मिहिल. कधीच नव्हती. त्या घरात तुला मारायचं कुणाच्याही मनात नाही. त्यांना बोलता येत नाही, तर तू चाल. ये बाहेर. काही होणार नाही तुला."

मिहिलनं बाहेर बघितलं. ऊन पडलं होतं, आणि बर्फावरून ते इतकं डोळ्यांत जात होतं, की त्यानं कपाळावर हात धरला.

"बंदूक नाही, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं," तो म्हणाला. "ज्या दिवशी त्यानं फडकं सोडलं, त्याच रात्री तो इथं आला होता मला सांगायला. तेव्हापासून डॉमिनो खेळतोय आम्ही."

द्रानेनं डोळे पुसले. "मग इतकी वर्षं आत कशाला बसलास?"

"मी बाहेर आलो तर गाव बघेल. ज्येलोशनं मला बघितलं आणि जाऊ दिलं, हे सगळ्यांना दिसेल. मग त्याला दोनच वाटा उरतात. मला मारायचं, नाहीतर आयुष्यभर तोंड लपवून जगायचं. त्याला आत बसवण्यापेक्षा मी बसलेला बरा." तो जरासा हसला. "मला सवय झालीय."

त्याच्या बायकोचा हात दाराच्या कडीवर होता. तिनं आमच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. समोरच्या दोन घरांच्या खिडक्यांतले पडदे हलले होते.

"लाव दार," मिहिल तिला म्हणाला. "लोक बघतायत."